निवडून आलेले ‘नियुक्त’

माझा पुतण्या परदेशी गेला आणि तिकडचाच नागरिक झाला. गेल्या दिवाळीत तो वाशीमला आला असता फराळाच्या वेळी विचारता झाला, “काका, मी इथल्या नगरपरिषदेला उभा राहिलो तर?” मी म्हणालो, “बाबा रे, 1955 च्या कायद्याने तुझे इथले नागरिकत्व केव्हाच संपले. ते ओव्हरसीज सिटिझनचे कार्ड नावापुरते. त्यावर मतही देता येत नाही, उभेही राहता येत नाही.”

“म्हणजे दोन धनी चालत नाहीत तर!”

मला हसू आले. याच वाशीमात आमच्या आज्या-पणज्यांनी शंभर वर्षांच्या आसपास दोन धनी पाहिले, आणि तेही कोणी न विचारता.

1853 च्या तहाने निजामाने आपल्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या हवाली केला. 1902 मध्ये, सालाना 25 लाख रुपयांवर, तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे गेला. कारभार इंग्रजांचा, मालकी निजामाची. मक्त्याने दिलेल्या वावरासारखी आमची गत. (याच सुमारास, 1905 मध्ये, वाशीम जिल्हा मोडला गेला. तो परत मिळायला 1998 उजाडले. असो.)

यातून कायद्याचा मोठा मौजेचा पेच निघाला. वऱ्हाड ‘ब्रिटिश हिंदुस्थान’ नव्हे. मग तेथला माणूस ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेमंडळात निवडून जाणार कसा? 1919 च्या सुधारणा आल्या तेव्हा सरकारने तोड काढली. वऱ्हाडात मतदान घ्यावे, जो निवडून येईल त्याची सरकारने नेमणूक करावी! मते लोकांनी द्यायची, आणि कागदावर मात्र ती सरकारची मेहेरबानी. नागपूरच्या कौन्सिलात हेच, दिल्लीच्या असेंब्लीतही हेच. वणीचे बापूजी अणे असेंब्लीत बसले ते ‘वऱ्हाडचे प्रतिनिधी’ म्हणून, नियुक्तांच्या यादीत. सरकारवर तुटून पडणारा हा लोकनायक सरकारनियुक्त! नागपूरला झालेले कायदेही वऱ्हाडला आपोआप लागत नसत. ते वेगळ्या हुकुमाने लावावे लागत.

पुढे 1935 च्या कायद्याने मध्यप्रांत व वऱ्हाड मिळून एक प्रांत धरला. 1936 च्या ऑक्टोबरात निजामाशी करार झाला. त्याची मालकी मान्य झाली, आणि त्याचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवू लागला. वाशीमच्या कापूस पिकविणाऱ्याला त्या राजपुत्राचे कधी दर्शन घडले असेल, असे मला वाटत नाही.

हे ऐकून पुतण्या म्हणाला, “मग अण्यांना चालले ते मला का नको?”

“त्यांना दुसरा राजा चिकटविला होता,” मी म्हणालो. “तू आपल्या हाताने सही केलीस.”

तो गप्प राहिला. त्याची आई चकलीचे ताट पुढे करीत म्हणाली, “अण्यांचे पुढे काय झाले?” मी सांगितले, 1962 मध्ये नागपूरकरांनी त्यांना लोकसभेवर निवडून दिले. या वेळी नेमणुकीचा हुकूम काढावा लागला नाही.