बेटावरच्या गोड्या पाण्याची कुळकथा

बीडजवळच्या पालीच्या माणसाला पाण्याचं मोल शिकवावं लागत नाही. बिंदुसरा धरण किती भरलं, यावर इथलं पुढचं वर्ष ठरतं. त्याच नजरेनं कोकणातल्या बेटांकडे पाहिलं, तर त्यांचा इतिहास तटबुरुजांपासून सुरू करण्याची आपली रीत अपुरी वाटते. बेटावरच्या वस्तीचं मूळ गोड्या पाण्यात आहे, तट नंतरचा. घारापुरीवर किल्ल्यांच्या काळाआधी कितीतरी शतकं विटांचा स्तूप उभा होता, आणि तिथल्या लेण्यांबरोबर कातळात पाण्याची टाकीही खोदलेली आहेत. मालवणच्या कुरटे बेटावर 1664 मध्ये सिंधुदुर्गाचं काम सुरू झालं. चहूकडे खारा समुद्र, आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. त्या नावांतच तिथल्या माणसांची कृतज्ञता आहे. यात चमत्कार नाही. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, आणि खाऱ्यापेक्षा हलकं असल्यानं त्याच्यावर तरंगून राहतं. उपसा बेतानं केला तरच ते गोडं राहतं. हावरेपणा केला की खालचं खारं वर चढतं.

कोणी म्हणेल, बेटं तर किनाऱ्याच्या रसदीवर जगली. 1679 मध्ये खांदेरीला इंग्रजांनी वेढलं, तरी मराठ्यांच्या हलक्या होड्या थळच्या किनाऱ्यावरून रसद पोचवतच होत्या. खरं आहे. पण होडी चालते ती उघाडीत. पावसाळ्यात दर्या खवळतो, वाहतूक थांबते, आणि नेमकी तेव्हाच टाकी भरतात. ज्या ऋतूत बेट तुटतं, तोच ऋतू त्याला पाणी देतो. चैत्र-वैशाखात साठा खाली जातो, तेव्हा होड्या चालू असतात. रसद आणि साठा यांची अशी जोडी जमली, म्हणून तिथे बारमाही राहता आलं.

जंजिऱ्याचा आक्षेप याहून अवघड आहे. तिथले गोड्या पाण्याचे दोन प्रशस्त तलाव आजही आहेत, पण वस्ती उठली. 1948 मध्ये संस्थान विलीन झालं. सत्तेवर चालणारी चाकरी गेली, मग कुटुंबं एकेक करून किनाऱ्यावर आली. म्हणजे माणूस कुठे वसेल हे पाणी ठरवतं. किती काळ टिकेल हे पोटापाण्याचा धंदा ठरवतो. सिंधुदुर्गात पर्यटकांच्या आधारानं काही घरं अजून नांदती आहेत, आणि पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की तो आधारही थांबतो.