पिटकिन पडला, साहेबही पडले

२८ मार्च २००१ रोजी अल्बेनियाची राजधानी तिराना इथं एक फुटबॉलचा सामना होता. विश्वचषकाची पात्रता फेरी, समोर इंग्लंडचा संघ आणि त्या संघात डेव्हिड बेकहॅमसारखा जगभर गाजलेला खेळाडू. पण तिरानाच्या लोकांनी डोक्यावर घेतलं ते शहाऐंशी वर्षांच्या एका बुटक्या म्हाताऱ्याला. अर्धा इंग्लंडचा आणि अर्धा अल्बेनियाचा असा सांधलेला शर्ट घालून तो मैदानाच्या मध्याकडे निघाला, वाटेत ठरल्यासारखा अडखळला, आणि सारं मैदान खूश झालं. त्याचं नाव नॉर्मन विज्डम. अल्बेनियात मात्र त्याला सगळे ‘पिटकिन’ म्हणूनच ओळखत.

पडणं, आपटणं, धडपडणं यावर उभ्या असलेल्या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात. हा शब्द एका वस्तूवरून आला. जुन्या इटालियन प्रहसनांत विदूषकाच्या हाती दोन पातळ फळ्या जोडलेली काठी असे. ती मारली की आवाज मोठा होई, पण लागत मात्र फारसं नसे. स्लॅपस्टिकचं सगळं मर्म या काठीत आहे. आवाज खरा, मार खोटा. ही परंपरा इंग्लंडमध्ये मूकनाट्यांत रुजली, तिथून ‘म्युझिक हॉल’ या कामगारवस्त्यांच्या लाडक्या रंगमंचावर आली. फ्रेड कार्नो नावाच्या माणसाची अशीच एक मंडळी १९१० साली अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. तिच्यात दोन तरुण होते. एक चार्ली चॅप्लिन आणि दुसरा, पुढे लॉरेल-हार्डीतला लॉरेल म्हणून प्रसिद्ध झालेला स्टॅन. हॉलिवूडचा हास्यपट ज्यांनी घडवला, त्यांतले हे दोन मोठे कलावंत इंग्लंडच्या म्युझिक हॉलमधून गेलेले होते.

विज्डम या परंपरेचा उशिरा आलेला वारसदार. जन्म लंडनचा, ४ फेब्रुवारी १९१५ चा. घरात दारिद्र्य, बापाचा मार, आणि नऊ वर्षांचा असताना आईवडिलांची फारकत. शाळा लवकर सुटली. निरोप्या म्हणून, जहाजावरचा पोऱ्या म्हणून कामं केली, रस्त्यावर रात्री काढल्या. शेवटी सैन्यात ढोल वाजवणारा पोरगा म्हणून भरती झाला आणि १९३० साली पलटणीबरोबर थेट आपल्या लखनौला येऊन पोचला. तिथं तो घोड्यावर बसायला शिकला, वाद्यं वाजवायला शिकला, आणि हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत सगळ्यात हलक्या वजनाच्या गटाचा मुष्टियुद्ध विजेताही झाला. पुढं पडद्यावर तो इतका सफाईनं पडायचा, त्यामागं ही कमावलेली काया होती. न लागता पडण्यासाठी तोल आधी हुकमी लागतो.

१९५३ मध्ये ‘ट्रबल इन स्टोअर’ हा त्याचा पहिला मोठा चित्रपट आला. लंडनमधल्या एका बड्या दुकानाच्या वखारीत राबणारा नॉर्मन. त्याची महत्त्वाकांक्षा एवढीच, की दुकानाची दर्शनी काच आपल्याला सजवायला मिळावी. अंगात दोन मापं लहान असलेला कोट, पिळवटलेला टाय, डोक्यावर तिरकी टोपी. समोर जेरी डेस्मंडनं रंगवलेला कडक इस्त्रीचा मालक. लंडनच्या ज्या ६७ चित्रपटगृहांत हा चित्रपट लागला, त्यांपैकी ५१ ठिकाणी त्यानं उत्पन्नाचे विक्रम मोडले. समीक्षकांना त्यातला भाबडेपणा रुचला नाही, पण लोकांनी गर्दी केली. युद्धानंतरचं ते इंग्लंड होतं. शिधापत्रिका अजून पुरत्या गेल्या नव्हत्या, आणि साहेब व नोकर यांच्यातली पायरी तर जागच्या जागी होती.

१९५८ च्या ‘द स्क्वेअर पेग’मध्ये तो पिटकिन झाला. हा नगरपालिकेचा रस्तेदुरुस्ती कामगार, आणि एडवर्ड चॅपमननं केलेले ग्रिम्सडेल हे त्याचे वरिष्ठ. ही जोडी पुढं कधी खाटकाच्या दुकानात, कधी दूधवाल्यांच्या धंद्यात पुन्हा भेटली. संकट आलं की पिटकिनची ‘मिस्टर ग्रिम्सडेल!’ अशी आर्त हाक ठरलेली.

आता अल्बेनियाकडं वळू. एन्व्हर होजा या कम्युनिस्ट हुकूमशहानं १९८५ साली मरेपर्यंत हा देश कडेकोट बंद ठेवला होता. १९६७ मध्ये तिथं धर्मावर बंदी आली. खासगी मोटारी नव्हत्या, पाश्चात्त्य चित्रपटांना जवळजवळ मज्जाव होता. त्यातून सुटलेल्या मोजक्या चित्रपटांत पिटकिनचे चित्रपट होते. का? तर भांडवलदाराशी झगडणारा कामगार त्यांत दिसतो, असा राजवटीचा हिशेब.

मंडळी, हा हिशेब कुठं चुकला ते पाहण्यासारखं आहे. पिटकिन कधीच बंड करत नाही. तो साहेबावर मनापासून प्रेम करतो. साहेबाची फजिती होते ती त्याच्या रागामुळं नव्हे, तर मदत करण्याच्या अतिउत्साहामुळं. शिडी पिटकिनची निसटते आणि आपटतात दोघंही. जमिनीवर आल्यावर दोघांची उंची सारखीच होते. हा वर्गलढा नव्हे. सगळ्यांच्या गुडघ्यांची हाडं सारखीच, एवढीच जुनी गोष्ट त्यात सांगितलेली असते. आणि साहेबाच्या खुर्चीवर देशाचं नाव कोरलेलं नसतं. लंडनचा साहेब चिखलात पडलेला पाहताना तिरानाच्या प्रेक्षकाच्या मनात कुठला साहेब येत असेल, यावर कुठलं सेन्सॉर मंडळ पहारा ठेवणार? भाषणाचे शब्द कापता येतात, पण घसरलेल्या पायातून काय कापायचं?

होजाची राजवट कोसळली, तिनं उभे केलेले पुतळे पाडले गेले. पिटकिन टिकला. १९९५ मध्ये विज्डम अल्बेनियात गेला, तेव्हा त्याला पाहायला झुंबड उडाली आणि तिराना शहरानं त्याला मानाचं नागरिकत्व दिलं. ज्या राजवटीनं त्याला प्रचारासाठी आत घेतलं, तिच्यानंतरही लोकांनी त्याला आपल्याजवळ ठेवून घेतलं.

त्याच्या स्वतःच्या देशानं त्याला २००० साली ‘सर’ ही पदवी दिली. राणीसमोर गुडघा टेकून, सन्मान घेऊन तो वळला, आणि चालताना मुद्दाम अडखळला. राणीलाही हसू आवरलं नाही. ४ ऑक्टोबर २०१० रोजी, पंचाण्णव वर्षांचा होऊन तो गेला. शवपेटीवर त्याची ती टोपी ठेवली होती.