दोन फाटकं आणि एक पक्षी

आजचा विषय पक्ष्यांचा आहे, पण सुरुवात मी एका फाटकापासून करणार आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हिवाळ्यातली पौर्णिमा, म्हणजे उधाणाची भरती. आम्ही तिघे पहाटे खारघरहून निघालो, कारण आदल्या दिवशी एका मित्राने लांबून एक पक्षी पाहिला होता आणि तो ग्रेट नॉट असावा असं त्याला वाटत होतं. ईशान्य सायबेरियात वीण करणारा, साधारण कबुतराएवढा, करड्या रंगाचा किनारपक्षी. जगभरात तो आज संकटग्रस्त गणला जातो. आम्ही त्या पाणथळीपाशी पोहोचलो, तर वाटेवर नवं फाटक आणि खुर्चीवर सुरक्षारक्षक. "साहेब, आत सोडायची ऑर्डर नाही." कोणाची ऑर्डर, ते त्यालाही सांगता येईना. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तो पगारी माणूस. आम्ही परतलो. तो पक्षी ग्रेट नॉट होता की नव्हता, हे आजतागायत ठरलेलं नाही. वहीत त्या तारखेसमोरची जागा कोरी आहे.

त्या कोऱ्या जागेबद्दल मला आज बोलायचंय.

आपल्या गावाच्या नावातच खार आहे. पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यात खाडीकाठच्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या मातीचे बांध घालून खाऱ्या जमिनीत भात पिकवलं. त्या बांधात एक झडप असते, तिला म्हणतात उघाडी. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी ढकलून ती उघडते, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद होते. साधी रचना आहे, पण जमीन भाताची, मिठाची की चिखलाची, हे ती उघाडी ठरवते. म्हणून तिची राखण गाव करायचं. पुढे १९४८ मध्ये आणि मग १९७९ मध्ये खारजमिनींचे कायदे झाले आणि बांध सरकारी देखरेखीत आले.

मग १९७० साली सिडको स्थापन झाली. ९५ गावांच्या जमिनीवर नवं शहर आखलं गेलं. न्हावा-शेवा बंदरासाठी जमिनी घेण्याचा प्रश्न पेटला, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला जासई परिसरात गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचा तो लढा या सभागृहातल्या अनेकांच्या घरचा इतिहास आहे. बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. हे मी मुद्दाम सांगतोय. आम्ही दुर्बीणवाले फाटकावर अडवले गेलो तेव्हा आम्हाला फार अन्याय झाल्यासारखं वाटलं. पण त्या वाटेवरून आधी आगरी शेतकऱ्याची आणि निवट्या-खेकड्यांना जाणाऱ्या कोळ्याची वहिवाट तुटली होती. आम्ही रांगेत बरेच मागे आहोत.

आता पक्ष्यांकडे येऊ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, आपली बीएनएचएस, १८८३ ची. सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी १९३० च्या दशकात मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची यादी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. १९५९ पासून सोसायटीने पक्ष्यांच्या पायात कड्या घालायचं काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं. पक्ष्यांबरोबर रोगाचे विषाणू येतात का, हाही त्यामागचा एक प्रश्न होता. या कामाला परदेशी पैसा होता, म्हणून १९७० च्या दशकात संशयाचं वादळ उठलं आणि संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत प्रकरण गेलं. म्हणजे पक्षी बघणाऱ्यावर संशय घेणं आपल्याकडे नवं नाही.

पण बंद फाटकाची दुसरी बाजूही आहे, ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. शिवडीचा चिखल टिकला, कारण ती बंदराची जमीन होती, तिथे वस्ती झाली नाही. तुर्भ्याच्या किनाऱ्याचा मोठा भाग अणुसंशोधन केंद्रामुळे सामान्य माणसाला बंद. १९९० च्या दशकात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, शिवडीला मोठ्या संख्येने दिसू लागले, ते अशाच आडबाजूला. पुढे २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जा मिळाला. म्हणजे फाटक नेहमी वाईट नसतं. प्रश्न हा की फाटकाच्या आत काय चाललंय, हे कोणी मोजतंय का?

कारण फाटकं दोन आहेत. एक माणसाला अडवतं, दुसरं पाण्याला. उरणच्या पाणज्याचं उदाहरण घ्या. सुमारे २८९ हेक्टरची पाणथळ. भरतीला खाडीतला चिखल बुडतो, तेव्हा किनारपक्ष्यांना दोन-तीन तास बसायला जवळच उथळ पाणी लागतं. ते मिळालं नाही, तर पक्षी घिरट्या घालत राहतात आणि सायबेरियाच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी इथेच जाळतात. पाणज्यात भरतीचं पाणी येण्याच्या वाटा बंद केल्या जाताहेत आणि पक्षीनिरीक्षकांना आत सोडत नाहीत, अशा तक्रारी वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत येत राहिल्या. पाणी थांबलं की जमीन कोरडी पडते. कोरडी पडली की कागदावर ती 'मोकळी जागा' होते.

इथे कायद्याची एक गंमत बघा. कांदळवनाला संरक्षण आहे. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम आदेश दिला, २०१८ मध्ये अंतिम निकाल. पण कांदळवन म्हणजे झाड, उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसतं. उघड्या चिखलावर झाड नसतं. तिथे संरक्षण मागायचं तर पुरावा एकच, पक्षी. त्यात २०१७ च्या पाणथळ नियमांनी मीठ, मत्स्यशेती, सिंचन यांसाठी माणसाने केलेले जलसाठे व्याख्येतून वगळले. आता आपल्या पट्ट्यात बांधाशिवाय जागा आहे कुठे? आजोबांनी घातलेला बांध दाखवून उद्या कोणी म्हणेल, ही नैसर्गिक पाणथळच नाही.

ग्रेट नॉटचीच गोष्ट पुढे नेतो. दक्षिण कोरियात सेमांगुम नावाची खाडी आहे. २००६ मध्ये सुमारे ३३ किलोमीटरची समुद्रभिंत पूर्ण झाली आणि तिथल्या चिखलाची भरती-ओहोटी तुटली. सेमांगुम हा ग्रेट नॉटचा प्रवासातला मोठा थांबा होता. पक्षी दुसरीकडे गेले असतील, असं म्हणणारे होतेच. पण शेजारच्या खाड्यांत ते तेवढे वाढले नाहीत, आणि हिवाळ्यात ते जिथे जातात त्या ऑस्ट्रेलियातल्या गणनेत संख्या घटली. हे सिद्ध करता आलं, कारण भिंत पूर्ण व्हायच्या आधीपासूनचे आकडे लोकांकडे होते. भिंत पाडता आली नाही, हे खरं. पण 'इथे काही नव्हतंच' असं कोणाला म्हणता आलं नाही.

आपल्याकडे उद्या असं झालं, तर आपल्या हातात काय असेल?

आणि दुर्मीळ पक्ष्याच्या मागे धावण्यात आम्ही एक चूक केली, ती कबूल करतो. ग्रेट नॉटसाठी तिघे पहाटे उठलो. पण त्याच चिखलावर शेकड्याने बसलेल्या राखी चिखल्याला आणि बाकदार चोचीच्या तुतवाराला, म्हणजे कर्ल्यू सँडपायपरला, आम्ही कधी धड मोजलं नाही. नेहमीचेच आहेत, म्हणून वहीत 'पुष्कळ' लिहून मोकळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक लाल यादीत १६ स्थलांतरी किनारपक्षी वरच्या धोक्याच्या वर्गात गेले. त्यात हे दोघेही होते. 'पुष्कळ' हा शब्द कोर्टात चालत नाही हो. कालचे पुष्कळ किती होते, हे आता कोणाला विचारायचं?

म्हणून सांगतो, फाटकावरून उड्या मारू नका. त्याने रक्षकाची नोकरी जाते आणि पक्षी उठतात. परवानगी लेखी मागा, नकार आला तर तोही लेखी घ्या. नकाराची तारीखसुद्धा इतिहासाचं साधन असते. बांधावरून, रस्त्यावरून, पुलावरून जेवढं दिसतं तेवढं मोजा. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते, त्यात आपली खाडी धरा. उधाणाच्या भरतीला जा, भांगाच्या नको, कारण उधाणालाच पक्षी एका जागी गोळा होतात. आणि जाताना गावातल्या जाणत्या माणसाला बरोबर घ्या. उघाडी कुठे होती, ती कधी बंद झाली, हे त्याला ठाऊक असतं, आपल्या दुर्बिणीला नाही. त्याचं सांगणंही त्याच वहीत लिहा, पक्ष्यांच्या आकड्याशेजारी.

माझ्या वहीतली ती कोरी जागा मी तशीच ठेवली आहे. फक्त त्यासमोर एक ओळ लिहिली आहे: 'फाटक बंद. भरती होती. पक्षी होते.' निदान एवढं तरी कोणी पुसू शकणार नाही.