आधी कथा, मग इतिहास : अ‍ॅसिमॉव्हने दोन मालिका कशा जोडल्या

प्रबंध लिहायला बसलात की एक अडचण येतेच : तीन पेपर वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या प्रश्नांवर लिहिलेले, आणि आता ते एकच काम म्हणून दाखवायचे. विज्ञानकथेत हीच अडचण आयझॅक अ‍ॅसिमॉव्हसमोर आली होती. (तो स्वतः जीवरसायनशास्त्राचा पीएचडी, १९४८, कोलंबिया विद्यापीठ.)

त्याची पहिली रोबोकथा १९४० ची, 'फाउंडेशन' मालिकेची सुरुवात १९४२ ची. रोबोकथा जवळच्या भविष्यातल्या, फाउंडेशन हजारो वर्षांनंतरचं, आणि त्यात रोबो जवळपास नाहीतच. त्यावेळी हे कुणाला खटकायचं कारणही नव्हतं, कारण मालिकाच दोन होत्या. रॉबर्ट हाइनलाइनचं वेगळं होतं. त्याच्या कथांचा कालपट १९४१ मध्येच मासिकात छापून आला होता. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर तर बहुतेक कथांचं भविष्य त्या कथेपुरतंच उभं करत, त्यामुळे तिथे जोडकामाचा प्रश्नच येत नसे.

अ‍ॅसिमॉव्हने जोडकाम केलं ते १९८० च्या दशकात. आता 'रोबो गेले कुठे?' याला उत्तर द्यावं लागलं. 'रोबोट्स अँड एम्पायर' (१९८५) मध्ये ते मिळतं : रोबोंवर विसंबलेले मानव मागे पडतात, आणि रोबोंशिवाय पृथ्वीवरून निघालेले आकाशगंगा व्यापतात.

खरी गंमत पृथ्वीची आहे. 'पेबल इन द स्काय' (१९५०) मधली पृथ्वी किरणोत्सारी आहे. हिरोशिमाला पाचच वर्षं झालेली, वाचक साहजिकच अणुयुद्ध समजणार. १९८५ मध्ये कारण बदललं : एका यंत्राने पृथ्वीच्या कवचातला किरणोत्सार वाढवला जातो, आणि माणसांनी पृथ्वी सोडावी म्हणून एक रोबो ते होऊ देतो. निरीक्षण तेच, स्पष्टीकरण नवं. जुनं पुस्तक मात्र छापलं होतं तसंच राहिलं! इथे कबनूरला मागावरचं बीम संपलं की नव्या बीमचे धागे जुन्याला एकेक करून जोडतात, विणून झालेलं कापड कुणी उसवत नाही. हे तसंच.

म्हणून ही पुस्तकं अभ्यासायची असतील तर प्रकाशनाच्या क्रमाने वाचा, तरच सांधे दिसतील. 'प्रिल्यूड टू फाउंडेशन' (१९८८) च्या सुरुवातीला अ‍ॅसिमॉव्हने चौदा पुस्तकांची यादी दिलीय, ती कथेतल्या काळानुसार. त्या यादीत 'प्रिल्यूड' नववं आहे. छापून आलं ते चौदाही पुस्तकांत शेवटी.