शाळातपासनिसाची वार्षिक फेरी

मुंबई इलाख्यांत सरकारी शिक्षणखातें उभें राहिलें तें १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यानंतर. प्रत्येक प्रांतांत असें खातें असावें, आणि शाळा पाहण्यास त्याच्या पदरीं इन्स्पेक्टर असावेत, असा त्या खलित्याचा हुकूम होता. १८५५ सालीं जुनें बोर्ड जाऊन डायरेक्टर आले, आणि खेड्यापाड्यांतील पंतोजींच्या कानीं ‘डिपोटीसाहेब’ हा शब्द पडूं लागला.

त्या काळचा सातारा जिल्हा आजच्याहून पुष्कळ विस्तृत होता. तासगांव, खानापूर, वाळवें हे तालुके त्यांतच मोडत. खुद्द सांगली मात्र पटवर्धनांचें संस्थान. कोयनेच्या खोऱ्यापासून कृष्णाकांठच्या काळ्या रानापर्यंत एवढा मुलूख, आणि पावसाळ्यांत वाटा बंद. वर्षाकांठीं एक भेट झाली तरी पुष्कळ! मुलें ओळीनें उभीं राहत, वाचन, शुद्धलेखन व तोंडचे हिशेब होत, आणि शेवटीं शेराबुकांत शेरा पडे. खासगी शाळांची ग्रँट तर उत्तीर्ण मुलांच्या संख्येवर ठरे. अशा व्यवस्थेंत जें मूल पास होण्यासारखें नाहीं त्याच्यावर मास्तरांनीं वेळ कां दवडावा?

१८८२ सालीं या सर्व कारभाराची चौकशी करण्यास हिंदुस्थान सरकारनें हंटरसाहेबांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें. त्याच्यापुढें जोतीराव फुले यांनीं १९ आक्टोबर १८८२ रोजीं पुण्याहून निवेदन दिलें. जोतीरावांचें घराणें मूळचें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. १८४८ पासून त्यांनीं स्वतः शाळा चालविल्या होत्या, तेव्हां ही केवळ कागदावरची टीका नव्हती. डेप्युटीच्या वर्षांतील एका भेटीचा फारसा उपयोग होत नाहीं, असें त्यांनीं स्वच्छ सांगितलें. शाळा निदान दर तीन महिन्यांनीं पाहावी, आणि तीही मधून मधून, आगाऊ वर्दी न देतां. जिल्ह्याच्या व गांवच्या अंमलदारांवर हें काम सोंपवून भागणार नाहीं. त्यांच्यामागें कामें अनेक, म्हणून त्यांची परीक्षा वरवरची होते. युरोपियन इन्स्पेक्टरानेंही अधूनमधून यावें, असेंही त्यांनीं सुचविलें. हें मागणें कित्येकांस आज खटकेल. परंतु ज्याच्या मुलांना गांवच्या शाळेची पायरीच चढतां येत नव्हती, त्याला गांवाबाहेरचा तपासनीस हवासा वाटला यांत नवल तें काय? विशेष हें कीं, तपासणी कडक मागणाऱ्या याच निवेदनांत मास्तरांचा पगार १२ रुपयांहून कमी नसावा, असेंही म्हटलें आहे. पोटाला न देतां झडती घेणें त्यांना मान्य नव्हतें.

कमिशनच्या १८८३ च्या अहवालाचा भर मात्र निराळ्याच प्रश्नावर पडला: प्राथमिक शाळा कोणाच्या ताब्यांत असाव्यात? त्या लोकल बोर्डांकडे व म्युनिसिपालिट्यांकडे द्याव्यात, अशी त्याची शिफारस होती. निकालावर पैसे देण्याच्या पद्धतीचा निषेध होण्यास कर्झनसाहेबांचा १९०४ चा ठराव यावा लागला. १९२३ च्या मुंबई कायद्यानें शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला, आणि सरकारी तपासनिसाचा अधिकार उणावला.

मग १९२९ सालीं हार्टोग समितीचा अहवाल बाहेर आला. १९२२-२३ मध्यें पहिल्या इयत्तेंत असलेल्या १०० मुलांपैकीं १९२५-२६ मध्यें चौथींत फक्त १८ उरलीं होतीं, हा त्यांतील आंकडा प्रसिद्धच आहे. तपासनीस फार थोडे आहेत, त्यांची संख्या वाढवावी, हेंही समितीनें बजावलें. म्हणजे जोतीरावांनीं एका भेटीविषयीं जें म्हटलें होतें, त्याच ठिकाणीं सरकार ४७ वर्षांनीं येऊन पोंचलें. १९३८ च्या दुरुस्तीनें मुंबई सरकारनें तपासणीची सूत्रें पुन्हा आपल्या हातीं घेतलीं.

१९४८ सालीं सांगली संस्थान विलीन झालें, १९४९ मध्यें दक्षिण सातारा जिल्हा निराळा निघाला, व १९६० सालीं त्याला सांगली हें नांव मिळालें. १ मे १९६२ पासून दोन्ही जिल्ह्यांतील गांवोगांवच्या शाळा जिल्हा परिषदांकडे आल्या, आणि डिपोटीसाहेबांच्या जागीं पंचायत समितीचे शिक्षण विस्तार अधिकारी शाळेच्या दारांत उभे राहिले.