पंचविसाची कुळकथा

वेबसाइटवर ऑर्डर दिली की आभाराचं पान लगेच उघडतं, पावतीची ईमेल मागाहून येते. ती पाठवायचं काम रांगेत लावलेलं असतं आणि वर्कर नावाचा वेगळा प्रोग्राम ते सवडीनं उरकतो. रुबी या प्रोग्रामिंग भाषेत वेबसाइट बांधणारे या रांगेसाठी बहुधा साइडकिक वापरतात. काम फसलं तर साइडकिक ते पंचवीस वेळा पुन्हा करून बघतं. हा पंचवीसचा आकडा साइडकिकचा स्वतःचा नाही, आजोबांकडून आलेला आहे.

आजोबा म्हणजे डिलेड जॉब. ऑनलाइन दुकानं थाटून देणाऱ्या कॅनडातल्या शॉपिफाय कंपनीला दुकानांची न्यूजलेटरं पाठवायची होती, फोटो लहानमोठे करायचे होते, स्पॅम गाळायचा होता. हे सगळं पान उघडतानाच करायचं तर गिऱ्हाईक ताटकळणार. शॉपिफायच्या टोबायस ल्युट्के यांनी २००८ मध्ये खुला केलेला उपाय अगदी साधा होता: डेटाबेसमध्ये एक टेबल, एका ओळीत एक काम. रकाने असे: काम कोणतं, कधी करायचं, किती प्रयत्न झाले, शेवटची चूक काय, कोणत्या वर्करनं कधी कुलूप लावलं. कुलूप नसेल तर दोन वर्कर एकच ईमेल दोनदा पाठवणार.

खरी गंमत पुढच्या प्रयत्नाच्या वेळेत आहे. झालेल्या प्रयत्नांच्या संख्येचा चौथा घात, अधिक ५ सेकंद. पहिल्यांदा फसलं तर ६ सेकंद थांबायचं, दुसऱ्यांदा २१, दहाव्यांदा जवळजवळ पावणेतीन तास. पंचवीस प्रयत्न संपेपर्यंत सुमारे २० दिवस जातात. नेटवर्क क्षणभर अडखळलं असेल तर काम लगेच मार्गी लागतं. चूक प्रोग्रामातच असेल तर ती दुरुस्त करायला माणसाला सुट्ट्या धरूनही वेळ मिळतो. इतका व्यवहारी हिशेब कोडमध्ये क्वचित दिसतो.

टेबलाची अडचण वेगळीच. वर्कर वाढले की सगळे त्याच ओळींवर कुलपासाठी झोंबतात. प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटहब या वेबसाइटनं डिलेड जॉब वापरलं, ॲमेझॉनची एसक्यूएस, ट्विटरची स्टारलिंग अशा इतर रांगाही पारखल्या. शेवटी २००९ मध्ये गिटहबच्याच ख्रिस वॉनस्ट्रॅथ यांनी रेस्क लिहिलं, तेही त्याच वर्षी आलेल्या रेडिस नावाच्या डेटाबेसवर. रेडिसमधली यादी मेमरीत राहते: एका टोकाला काम जोडायचं, दुसऱ्या टोकाकडून उचलायचं. एका वर्करनं उचललेलं काम दुसऱ्याच्या हाती लागतच नाही, म्हणून कुलपाची गरज उरली नाही. प्रत्येक कामासाठी रेस्क नवी प्रोसेस काढतं. काम संपलं की ती प्रोसेस जाते आणि तिनं फुगवलेली मेमरीही मोकळी होते. पुनःप्रयत्न मात्र रेस्कनं आपणहून ठेवले नाहीत. फसलेली कामं एका यादीत पडून राहायची, कुणीतरी येऊन बघेपर्यंत.

२०१२ मध्ये माइक पर्हॅम यांनी साइडकिक आणलं. रेडिस बापाकडून, म्हणजे रेस्ककडून, घेतलं, पण दर कामाला नवी प्रोसेस काढण्याऐवजी एकाच प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवले. पुनःप्रयत्न घेतले ते थेट आजोबांचे: तोच चौथा घात, तेच पंचवीस. कोडमधल्या टिपणीत डिलेड जॉबचं नावही आहे. ५ च्या जागी १५ सेकंद आले आणि वर थोडा अनियमित उशीर, म्हणजे एकदम फसलेली हजार कामं पुन्हा एकदम येऊन धडकत नाहीत. टेबल गेलं, कुलूप गेलं, आकडा टिकला. कारण तो यंत्राच्या वेगावर नव्हे, माणसाला लागणाऱ्या वेळावर बेतलेला होता.

पंचविसावा प्रयत्नही फसला तर साइडकिक सुरुवातीला ते काम टाकूनच द्यायचं. २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते 'डेड' यादीत सहा महिने ठेवलं जातं, आणि तिथून हातानं परत रांगेत लावता येतं.