एकाच झाडाच्या कोटी कॉप्या

घरी कुंडीत एक दवबिंदू आहे, म्हणजे चिकट केसांनी किडे पकडणारं ड्रॉसेरा. मध्यंतरी त्याचं एक पान तोडून ओल्या शेवाळावर ठेवलं. काही आठवड्यांत त्या पानावरच बारकी रोपं उगवली! फोटो रावेरच्या मामाला पाठवला. मामा केळीवाला. त्याचं उत्तर आलं, "आमचं अख्खं रावेर असंच उगवलंय."

आधी जोक वाटला. मग वाचत बसलो आणि शनिवार त्यातच गेला.

केळीचं पान काही असं उगवत नाही, पण तत्त्व तेच. खायच्या केळीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, त्यामुळे बी धरत नाही. शेतकरी बुंध्याशी फुटणारा मुनवा काढून लावतो, आणि मुनवा म्हणजे आईची हुबेहूब कॉपी. इंग्लंडात ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या चॅट्सवर्थच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने एक बुटकी केळ वाढवली, 1835 साली ती फुलली. ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, तेच केळीला चिकटलं. आपली जुनी बसराई हीच बुटकी कॅव्हेंडिश. म्हणजे ड्यूकच्या काचघरात आणि मामाच्या बांधावर तत्त्वतः एकच झाड!

मुनव्यांची अडचण अशी की कॉपीबरोबर जुने रोगही येतात. शिवाय सगळे सारख्या वयाचे नसतात, त्यामुळे कापणी लांबत जाते. यावर उत्तर प्रयोगशाळेतून आलं. एका पेशीतून अख्खं झाड उभं राहू शकतं हा विचार हाबरलांटने 1902 मध्ये मांडला होता. 1962 मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी त्यासाठी क्षार-साखरेची पाककृती दिली, जगभर अजून तीच वापरतात. आणि 1990 च्या दशकात जळगावात जैन इरिगेशनने कोंबाच्या टोकापासून बाटलीत ग्रँड नैन वाढवायला घेतली. (फ्रेंचमध्ये या नावाचा अर्थ 'उंच बुटकी'. असो.) ठिबकची जोड मिळाली, आणि दीड वर्षाचं पीक साधारण वर्षभरात निघू लागलं.

पण ग्रँड नैनसुद्धा कॅव्हेंडिशच. एका कॉपीत बग निघाला की सगळ्यांत निघतो. जगाच्या बाजारात आधी ग्रो मिशेल नावाची केळी चालायची. पनामा रोगाने तिचे मळे बसवले, आणि 1960 च्या दशकापर्यंत तिची जागा कॅव्हेंडिशने घेतली, कारण तिला तो रोग होत नव्हता. आता त्याच बुरशीचा टीआर-4 हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो, आणि तो बिहारात पोचलाय. बाटलीतून रोप स्वच्छ येतं, पण ही बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकून राहते. तिथे बाटलीचा काय उपयोग?

विषाणूचं आणखी वेगळं. मातृरोपच आजारी असेल तर बाटलीत आजाराच्याही कॉप्या निघतात. बाकी मावा तो शेतात पसरवतोच. 2020 च्या पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यात सीएमव्हीपायी शेतकऱ्यांनी उभी रोपं उपटून फेकली. मामाची दीड हजार गेली. तेव्हापासून ट्रे आले की तो चष्मा लावून एकेक पान उन्हाकडे धरतो आणि पिवळे पट्टे शोधतो. एका ट्रेला पाच मिनिटं लागतात. या वेळी त्याने मलाही बसवलं, एकशेवीस ट्रे होते.